पहिला दाब

बहादूरशेख नाक्यावर यास्मिन परकारचं पॅड वाचायचं दुकान आहे. पूर्वी तिथे तिचे अब्बा पंक्चर काढायचे. आता हवेचे टायर राहिले नाहीत, तेव्हा यास्मिननं त्या जागेत एक पांढरं यंत्र आणून ठेवलंय, घरातल्या सँडविच टोस्टरएवढं. गाडीचा ब्रेकपॅड त्यात ठेवायचा, झाकण लावायचं आणि चहा मागवायचा. चहा येईपर्यंत वाचन होतं.

त्या दिवशी मात्र चहा आला, पिऊन झाला, तरी यास्मिन यंत्राच्या पडद्यावरून नजर काढेना.

"नाना, जाडी बरी आहे," ती म्हणाली. "अजून वर्षभर चालला असता. पण खूण आलीय."

"कसली खूण?"

"थरथरीची."

एवढं बोलून तिनं माझ्याकडे पाहिलं. शेजारी माझी सून वरदा उभी होती, तिनंही माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत होती.

तसं कुणाचं काही चुकलं नव्हतं. आमची गाडी चालवणारे पाय दोनच जणांचे. माझा मुलगा निनाद मालवाहू जहाजावर असतो, तो घरी येतो तेव्हा झोपतो आणि खातो. राहिलो मी आणि वरदा. मी सत्तरी ओलांडलेला, पोफळीच्या वीजघरात उभी हयात काढलेला निवृत्त इंजिनिअर. वरदा दातांची डॉक्टर, चाळिशीही न गाठलेली, चिपळुणात दवाखाना चालवते आणि आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जाते. अशा दोघांत थरथरणारा पाय कुणाचा, हे सांगायला यंत्र कशाला हवं? खापर माझ्या डोक्यावर फुटलं आणि मीही डोकं पुढे केलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. ब्रेकपॅड म्हणजे काय, तर लोखंडी पत्र्यावर चिकटवलेली एक वडी. चाकाबरोबर एक तबकडी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी या वड्या चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. थांबताना वडी जराशी झिजते. माझ्या तरुणपणी पॅड झिजला की नाही हे कळायला चाक काढून डोळ्यांनी बघावं लागे, नाहीतर कानानं ऐकावं लागे. पॅडच्या कडेला पोलादाची एक छोटी जीभ असते. वडी झिजून तळाला आली की ती जीभ तबकडीला घासते आणि असा काही चीत्कार काढते की दातांना झिणझिण्या येतात. म्हणजे ब्रेक गेलेला नाही, पण आता बघा. आमच्या ओळखीतले अर्धे लोक त्यावर एकच उपाय करायचे. काचा वर करून गाणी मोठी लावायचे. मी त्यांच्यावर इतका चिडायचो की दोन लग्नांच्या वरातींतून मला त्यामुळे खाली उतरवण्यात आलं होतं.

हे नवे पॅड निराळे. त्यांच्या मसाल्यात एक बारीक चिनीमातीसारखी पूड मिसळलेली असते. तिचे कण तापलेले असताना दाबले की एका दिशेला वळतात, आणि थंड झाले की तसेच गोठून राहतात. दाब हलका असेल तर वेगळे वळतात, जोराचा असेल तर वेगळे. म्हणजे प्रत्येक कडक ब्रेक पॅडवर आपला एक थर ठेवून जातो, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. ही युक्ती काढली होती पॅड कधी बदलायचा ते नेमकं कळावं म्हणून. पण थर वाचता वाचता संशोधकांना वेगळंच काही दिसलं. निरोगी पाय ब्रेक दाबतो तेव्हा दाबाची रेघ सरळ चढते. काही पायांची रेघ मात्र चढताना बारीक लाटा काढते. त्या लोकांना शोधून तपासलं, तेव्हा त्यांच्या मेंदूत कंपवाताची सुरुवात झालेली आढळली. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी, माणसाला स्वतःला पत्ताही नसताना, पाय बोलून गेला होता.

मग कायदा आला. पॅडनं पाय ओळखावा, माणूस ओळखू नये, असं त्यात ठरलं. त्यामुळे पॅडवर नाव नाही, तारीख नाही, ठिकाण नाही. पहिल्यांदा खूण आली तर घरातल्यांनी आपसांत ठरवायचं आणि ज्याचा पाय असेल त्यानं डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, नाहीतर गाडी सोडायची. काही महिन्यांनी पुन्हा वाचन. दुसऱ्यांदाही खूण आली तर मात्र नाव सांगावंच लागतं.

"नाना, कऱ्हाडला चांगले डॉक्टर आहेत. माझ्याबरोबर चला," वरदा दुकानातून निघतानाच म्हणाली.

"मला काय झालंय?"

"तेच तर बघायचंय ना."

"त्यापेक्षा मी गाडी सोडतो," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण ते सोपं नव्हतं. माझी बायको गेल्यावर मला घराबाहेर काढलं ते या गाडीनं. भल्या सकाळी गोवळकोटच्या खाडीपर्यंत जायचं, पाण्याकडे बघत बसायचं, येताना मासे आणायचे. तेवढं एक माझं माझं होतं. पण तपासायला जाऊन कुणीतरी तोंडावर सांगितलं असतं, तर मग पायाबरोबर सगळंच थरथरलं असतं. मी घाबरट आहे, हे वरदाला माहीत नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं.

घरी येऊन मी आपला एक प्रयोग केला. खुर्चीत बसलो, उजवा पाय स्टुलावर ठेवला आणि पावलावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. पाण्यावर लाटा उठल्या, बारीक आणि एकसारख्या. माझ्या पाचावर धारण बसली. वरदाला हाक मारून दाखवल्या. तिनं वाटी बघितली, मला बघितलं आणि आत जाऊन कपडे धुवायचं यंत्र बंद केलं. लाटा थांबल्या.

"तरीपण नाना," ती हसू दाबत म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊया."

मी गेलो नाही.

यास्मिनच्या यंत्रात वाचताना पॅडचा पृष्ठभाग खरवडला जातो, म्हणून वाचलेला पॅड परत लावत नाहीत. तिनं तात्पुरते साधे पॅड बसवून दिले होते. नवे मी घरीच बसवणार होतो, खंडेनवमीला. पोफळीला आमची पद्धतच होती. त्या दिवशी एक जनित्र बंद ठेवायचं आणि त्याचे ब्रेक तपासायचे. एवढ्या अजस्र चाकालाही शेवटी पॅडच थांबवतात. मग हत्यारांना हळदकुंकू वाहायचं आणि त्यांना दिवसभर हात लावायचा नाही. निवृत्तीनंतर जनित्र राहिलं नाही, पण गाडी होती. दर खंडेनवमीला सकाळी लवकर मी चाकं काढून ब्रेक बघतो, मग गाडीची पूजा करतो आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवतो.

त्या वर्षी वरदा मदतीला आली. तिनं कधी चाक उघडलेलं पाहिलं नव्हतं.

"आधी जॅक लावायचा ना?"

"आधी नट सैल करायचे. चाक जमिनीवर असताना. वर उचलल्यावर जोर लावलास तर चाक नुसतं फिरेल, आणि गाडी जॅकवरून घसरली तर मी खाली."

चाक निघालं. पॅड धरून ठेवणाऱ्या चिमट्याची खालची पिन काढून मी तो वर उचलला, जुने पॅड सरकवून बाहेर घेतले. चिमट्यात एक पिस्टन असतो. पॅड झिजत जातो तसा तो पुढे पुढे येतो. नवा जाड पॅड बसवायचा तर त्याला मागे ढकलावा लागतो, हळूहळू, शिकंज्यानं. मी ढकलत होतो आणि वरदा बॉनेटखाली ब्रेक ऑइलच्या डबीत तेल चढताना बघत होती, लहान मुलीनं जत्रेतलं पाळण्याचं चाक बघावं तशी.

"झिजलेत किती बघ हे, एवढ्यात," मी तात्पुरते पॅड तिला दाखवले. "कोयनानगरला बॅटरी काठोकाठ भरतेस आणि घाट उतरतेस."

"मग? तिथे रांग नसते."

"अगो, उतारावर मोटर उलटी चालून वीज करते, म्हणून गाडी आवरते. बॅटरीत जागाच नसेल तर ती वीज ठेवायची कुठे? मोटर हात वर करते आणि सगळा भार या बिचाऱ्यांवर येतो. घाट उतरायचा तर बॅटरीत जागा ठेवून निघावं."

"दातांच्या डॉक्टरला कोण सांगणार हे?"

"सासरा सांगतोय की."

पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड बदलले. एकाच बाजूचे बदलले तर गाडी थांबताना एका अंगाला ओढते. चाकं चढवली, गाडी खाली घेतली. आता ब्रेक दाबून बघायचा होता. चालकाच्या खुर्चीत बसायचं मी सोडलं होतं, म्हणून वरदाला बसवलं.

तिनं ब्रेक दाबला आणि ती किंचाळलीच. "नाना! पाय थेट तळाला गेला! ब्रेक नाहीच आहे!"

"पहिला दाब पोकळच जातो. पिस्टन मागे ढकललाय ना आपण, तो पॅडपर्यंत यायला नको? घाबरू नकोस. पुन्हा दाब."

तिनं दाबला. आणखी दाबला.

"लागला?"

"लागला," ती म्हणाली आणि हसली. मी गाडीला झेंडूची माळ घातली. माझी किल्ली देव्हाऱ्यात ठेवली, तिला लाल दोरा गुंडाळला, वर कुंकवाचं बोट टेकवलं. एरवी दसऱ्याला मी ती उचलतो. या वेळी तिथेच राहू दिली. रोज सकाळी देवाला फूल वाहताना मी किल्लीकडे बघायचो आणि काय मागायचो ते देवाला माहीत.

संक्रांत झाली आणि दुसऱ्या वाचनाचा दिवस आला. दुपारी वरदा गाडी घेऊन नाक्यावर आली, मी शेजारी बसून. मनात मी खूश होतो. चार महिने मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता वाचन स्वच्छ येणार, म्हणजे पाय माझाच होता हे पक्कं होणार. त्यात खूश होण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. माणसाला एकदा काय ते कळलेलं बरं, एवढंच. कुतूहल ही माझी जुनी खोड आहे.

यास्मिननं पॅड काढून यंत्रात ठेवला. वरदा दारात उभी राहून फोन बघत होती. यास्मिननं पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पडदा बघितला.

"खूण आहे," ती म्हणाली. "गेल्या वेळेपेक्षा ठळक."

रस्त्यावरून एक टँकर गेला. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, चाकाचे नट बसावेत तशी. पॅड कोरे होते. मी गाडी चालवलेली नाही. निनाद समुद्रावर आहे.

वरदानं मान वर केली. तिची नजर क्षणभर खाली स्वतःच्या उजव्या पावलाकडे गेली आणि लगेच माझ्याकडे आली.

"नाना, तुम्ही चोरून गाडी चालवलीत का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती विनवणी होती. मी हो म्हणावं म्हणून तिचा सगळा चेहरा माझ्याकडे हात पसरून उभा होता. त्या चेहऱ्याला नाही म्हणायचं माझ्यानं झालं नाही.

"हो," मी म्हटलं. "सकाळी. तू उठायच्या आधी. खाडीवर जायचो."

"कशी? माझी किल्ली तर माझ्या पर्समध्ये असते."

"देव्हाऱ्यातली माझी घ्यायचो."

तिनं इतका मोठा श्वास सोडला की मलाही हलकं वाटलं. मग ती माझ्यावर तुटून पडली. या वयात चोऱ्या करता, कुणाला धडकला असतात म्हणजे, निनादला मी काय तोंड दाखवलं असतं. रागावताना ती किती आनंदात होती! "आता तुमचं काही ऐकणार नाही. डॉक्टरांची वेळ घेतेच," म्हणत ती फोन घेऊन रस्त्याकडेला गेली.

"तुमचं नाव घालू?" यास्मिननं विचारलं.

"घाल."

तिचा हात हलला नाही. "नाना, एक विचारू? सगळ्या खुणा जाड थरांवर आहेत. पॅड खूप तापतो तेव्हाच तसे थर बसतात. खाडीवर जाता-येता एवढा तापत नाही. तुम्ही घाट उतरलात?"

मी पडद्याकडे पाहिलं. पहिल्या खेपेलाही खुणा जाड थरांवरच असणार. तेव्हा आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. माझे पांढरे केस बघून तिघांचं समाधान झालं होतं.

"थोडं थांब, नाव घालू नकोस," मी म्हटलं आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून नवे पॅड बसवायला घेतले. मांडीवर जुना पॅड होता. त्याच्या कडेची पोलादी जीभ माझ्या अंगठ्याला लागली. ही जीभ ब्रेक जायच्या आधी ओरडते, अजून हातात वेळ असतो तेव्हा. तिचं कामच ते. आणि मी, जन्मभर लोकांना शिव्या घालणारा, आत्ता काय केलं होतं? काचा वर करून गाणं मोठं लावलं होतं. डॉक्टरांनी मला तपासलं असतं, काही नाही म्हणून घरी पाठवलं असतं, किंवा म्हाताऱ्यात असतंच थोडंफार म्हणून गोळ्या दिल्या असत्या. आणि ही पोरगी आणखी वर्षभर, दोन वर्षं लोकांच्या तोंडात यंत्र घालत राहिली असती, एक दिवस हात हलेपर्यंत. सुरुवातीला धरलं तर हल्ली हा आजार पुष्कळ रोखता येतो. तेवढ्यासाठीच तर पॅड वाचायचे.

घरी येताना रेल्वेच्या फाटकाशी गाडी थांबली. पुढे ट्रक होता. वरदाचं पाऊल ब्रेकवर नुसतं टेकलेलं होतं. मी मान न वळवता खाली पाहिलं. तिच्या सपातीची टाच हलत होती, बारीक आणि एकसारखी. कपडे धुवायचं यंत्र इथे कुठेच नव्हतं.

"पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली," ती सांगत होती. "तुमच्या नावानं घेतलीय. आता पळवाट नाही."

घरात शिरल्यावर मी ओटीवर बसलो. "वरदा, देव्हाऱ्यातली माझी किल्ली आण."

"आणतेच. आता ती माझ्या कपाटात राहणार, कुलपात."

ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आतल्या पंख्याचा आवाज ऐकत बसलो. आत्ता उठून जावं आणि काहीतरी आणखी एक खोटं सांगावं, असं दोनदा वाटलं. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

ती आली तेव्हा किल्ली तिच्या उघड्या तळव्यावर होती. लाल दोऱ्याचे वेढे तसेच होते. कुंकवाचा टिळा वाळून काळपट झाला होता, पण कुठे पुसलेला नव्हता. त्यावर खंडेनवमीची झेंडूची पाकळी चिकटून वाळली होती. बोट लागलं असतं तरी गळून पडली असती.

"नाना," ती म्हणाली, "ही कुणी उचललीच नाहीये."

"नाही."

"मग तुम्ही का म्हणालात..."

"तू विचारलंसच तसं. माझ्यानं राहवलं नाही."

ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली. आपले दोन्ही हात पुढे धरून बघू लागली, पालथे, मग उताणे. डॉक्टरचे हात, बारीक नखांचे, स्वच्छ. ते अगदी स्थिर होते. त्या हातांवर तिचा दवाखाना उभा होता, आणि ती स्वतःही. मला तिच्याकडे बघवेना.

"काही होणार नाही गो तुला," मी म्हटलं. "उगाच घाबरतेस. हे असलं यंत्र, त्याचं काय एवढं."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि थेट तळाला गेले. मलाच ऐकू आलं ते.

वरदानं मान वर केली. डोळे भरले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पहिला दाब पोकळच गेला, नाना," ती म्हणाली. "पुन्हा दाबा."

मी किल्ली तिच्या हातातून घेतली. चार महिने रोज सकाळी हीच परत मिळावी म्हणून मी देवाला गळ घातली होती. आता मिळाली तर ती हातात धरवत नव्हती. दोरा सोडला, कुंकू धोतराच्या सोग्याला पुसलं.

"मला फार भीती वाटतेय, वरदा," मी म्हटलं. "तुला आजार असेल. पण खूण लवकर आली आहे, अजून वेळ आहे. ती ठळक होईपर्यंत आपण थांबायचं नाही. कऱ्हाडला मी नेणार तुला. दर खेपेला मीच नेणार आणि मीच आणणार. कोयनानगरला बॅटरीत जागा ठेवून."

तिनं पदरानं डोळे पुसले.

"आता लागला," ती म्हणाली. फोन उचलून तिनं डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर लावला आणि वेळ तीच ठेवून माझ्या जागी स्वतःचं नाव सांगितलं.